कच्ची कड

पत्र आलं तेव्हा थोरली अंगणात पाय पसरून लव्हाळा चिरत बसली होती. पत्र गवंड्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, उभ्याउभ्याच वाचलं. मग उंबऱ्यावर बसून पुन्हा वाचलं.

"सहा आठवड्यांसाठी एक मुलगी येणार आहे, कॉलेजातली. महिलांच्या लघुउद्योगाला साहाय्य करायला."

"कुठल्या महिलांच्या?"

"तुमच्याच. आईचं नाव आहे, तुझं आहे, धाकटीचं आहे."

मागं कधीतरी एक बाई सह्या आणि अंगठे घेऊन गेली होती, त्याचं हे असावं. सासू आपल्या चार खुंट्यांमध्ये वाकून चटई विणत होती. मान वर न करता ती म्हणाली, "उद्योग? आपण कुणाचे काय उद्योग केलेत?"

"चटया विणता तोच उद्योग, आई."

"ते काम आहे. उद्योग पोरं करतात."

धाकटी जाऊ फिसकन हसली. गवंडी पुढं वाचत म्हणाला, "मुलगी इंटर्न आहे. म्हणजे शिकाऊ."

"मग ती शिकायला येणार की शिकवायला?" थोरलीनं विचारलं.

गवंड्यानं कागद उलटून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

त्या घराला तेव्हा कुणीही काहीही दिलं असतं तरी हवंच होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. पाणी फक्त पिण्यापुरतं, त्यामुळे बांधकामं बंद, आणि गवंड्याची थापी चार महिने कोरडी. धाकटीचा नवरा कामाच्या शोधात बाहेर गेला होता. त्याचा फोन यायचा, तो यायचा नाही. घर चाललं होतं ते तिघींच्या हातांवर. आणि तिघींचे हात अडले होते तळ्यापाशी. एरवी तळ्याच्या कडेला लव्हाळा माणसाच्या डोक्यावर जायचा. यंदा तो कमरेला लागत होता. माणूस पाय सोडून झोपेल एवढ्या चटईला तो पुरेना. दोन काड्या जोडून विणलं तर जोडाची गाठ पाठीला टोचायची, आणि गिऱ्हाईक बोटानं गाठ चाचपून चटई खाली ठेवून द्यायचं.

मुलगी आली ती पाठीवर पोतं असल्यासारखी पिशवी लावून. शाळेमागची रिकामी खोली तिला दिली होती. पहिल्या दिवशी ती अंगणात मांडी घालून बसली, वही उघडली आणि विचारायला लागली.

"उद्योग कधी सुरू केलात?"

"माझी सासू करायची," सासू म्हणाली. "तिच्याआधी तिची."

"तुमच्यात प्रमुख कोण?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "आई." सासू म्हणाली, "आता थोरलीच बघते." धाकटी काहीच म्हणाली नाही, तेही मुलीनं लिहून घेतलं.

"तुमचा ग्राहक कोण? म्हणजे कुठल्या प्रकारचा माणूस?"

"ज्याला झोप येते तो," सासू म्हणाली.

हसावं की लिहावं हे न कळून मुलीनं दोन्ही केलं. तिच्या कपाळावर घाम होता. थोरलीला तिची कीव आली आणि रागही आला. एवढं विचारून ही देणार काय, हे कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. तिनं चहा ठेवला.

आठ दिवस मुलगी नुसती बघत होती. लव्हाळा ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ कसा करतात, ताणलेल्या सुतातून आडवी काडी कशी सरकवतात, फणीनं ठोकून कशी बसवतात, आणि शेवटी कडेची टोकं उलटी वळवून आत कशी दडपतात. तिनंही हात लावून पाहिला. पहिल्याच दिवशी लव्हाळ्याच्या धारेनं तिची तीन बोटं चिरली. धाकटीनं चिंधी बांधून दिली. मुलगी त्या चिंधीसकट लिहीत राहिली.

नवव्या दिवशी ती पळतच आली.

"ताई, काडी लहान आहे ना? मग चटईच लहान करायची! ताटाखाली घालायची. शहरात एका दुकानाशी मी बोललेय. ऐंशी हव्यात. एक फूट बाय दीड फूट."

"ताटाखाली?" सासूनं हात थांबवला. "ताटाला झोप येते होय?"

"टेबल खराब होऊ नये म्हणून, आजी."

"मग टेबल कशाला घ्यायचं एवढं जपायचंय तर?"

पण थोरलीच्या मनात ते बसलं. काडी कमरेएवढी होती, चटई फूटभर. जोड नको, गाठ नको. हे आपल्याला का सुचलं नाही, या विचारानं ती थोडी खट्टूही झाली. संध्याकाळी तिनं गवंड्याला विचारलं, "अहो, घ्यावं का काम?" तो म्हणाला, "मला भिंतीचं विचार. ताटाखालचं मला काय कळतंय?" आणि एवढं बोलून तो तळ्यावर लव्हाळ्याचे भारे आणायला गेला. म्हणजे घ्यावं, असं तिनं धरलं.

मोठ्या खुंट्या उपटून लहान मापानं पुन्हा ठोकल्या. मुलीनं पुठ्ठ्याची एक चौकट कापून आणली. विणलेला तुकडा त्या चौकटीत बसला पाहिजे. प्रत्येक तुकड्याला ती दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, कुणी विणला त्याची. "कुणाचा हात कशात चांगला आहे ते कळेल," ती म्हणाली. आणि रोज संध्याकाळी तयार तुकडे कोंबड्यांनी घाण करू नयेत म्हणून ती आपल्या खोलीवर घेऊन जायची.

थोरलीच्या मनात तिथंच पाल चुकचुकली होती. "राहू देत की इथं," ती दोनदा म्हणाली. "मी झाकून ठेवते."

"नको, तुम्हाला कशाला त्रास?" मुलगी म्हणाली आणि गठ्ठा उचलला.

पंधरा दिवसांनी मुलीनं सगळा माल अंगणात मांडला. दुपार उतरली होती. ती गुडघ्यांवर बसली, एकेक तुकडा चौकटीत घालून बघू लागली, आणि बसला तर डावीकडे, नाही बसला तर उजवीकडे ठेवू लागली. डावीकडचा ढीग भराभर वाढला. उजवीकडं एक आला, दोन आले. मग सहा. थोरलीनं लांबूनच ओळखलं. त्या तुकड्यांची वीण घट्ट होती, पण कड सैल, आणि एका बाजूला ओढल्यासारखी. ती हातातलं टाकून उठली.

"ते माझे आहेत," ती म्हणाली. "घाईत झाले. द्या इकडं, नीट करते."

मुलीनं चिठ्ठी पाहिली. "नाही ताई, हे आजींचे आहेत." तिनं दुसरी चिठ्ठी पाहिली. "हेही." मग उजवा ढीग पुढं ओढून तिनं सगळ्या चिठ्ठ्या उलटल्या. "सतरा आहेत. सगळे आजींचेच." आणि कौतुकानं बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बघा, म्हणून चिठ्ठ्या लावल्या होत्या!"

धाकटी फणी धरून तशीच बसली. सासूनं मागावरून हात काढला, पदराला पुसला आणि त्यातला एक तुकडा मागून घेतला. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग बोट कडेवरून फिरवलं. तिच्या बोटांची पेरं सुजून बोरांएवढी झाली होती. कडेवरून ते बोट नीट फिरेना.

"हे आता झालंय," ती म्हणाली. "लहान मापामुळं."

तिनं तुकडा मांडीवर ठेवला.

"थोरले, मोठ्या चटयांची कड माझी नीट असायची ना?"

थोरलीनं मान हलवायला हवी होती. तेवढंच करायचं होतं. पण उजवीकडचा ढीग समोर होता, आणि तिला ते जमलं नाही.

"किती दिवस?" सासूनं विचारलं.

"दोन वर्षं होतील, आई."

"कधी करायचीस?"

"रात्री. तुमचा डोळा लागला की. सोडवून पुन्हा वळवायची."

"आणि धाकटीला माहीत होतं?"

धाकटी मान खाली घालून रडायला लागली, त्यातच उत्तर मिळालं.

सासू ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली. तिच्या मागाच्या चार खुंट्या तिनं एकेक करून हलवल्या आणि उपटल्या. शेवटची निघेना, तेव्हा गवंडी पुढं झाला. तिनं त्याला हातानंच मागं सारलं आणि खुंटी काढलीच. चारही चुलीपाशी सरपणात टाकल्या. मग विळा घेऊन तळ्याकडं निघून गेली.

मुलगी उभी होती. "मी काय चुकीचं केलं?" ती थोरलीला म्हणाली. "माप चुकलं होतं ना, ताई?"

"चुकलंच होतं."

"मग?"

"मग काय मग? चुकलं होतं तेच म्हणतेय मी!" थोरलीचा आवाज चढला. "शिकायला आलात ना तुम्ही? मग आधी माणसाच्या तोंडाकडं बघायला शिकायचं. सगळं चौकटीत घालून बघायचं असतं होय?"

बोलली आणि तिचं तिलाच कळेना, आपण कुणावर चिडलोय. पोरीनं खोटं काही सांगितलं नव्हतं. खोटं दोन वर्षं आपणच करत होतो, तेही चांगल्या मनानं. आता चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, याचा गुंता तिच्यानं सुटेना. तिनं ढिगातले सतरा तुकडे पुढं घेतले आणि कडा सोडवायला बसली. आता लपवायचं काही नव्हतं, तर हात उलट जड झाले होते.

पुढचे तीन दिवस सासू सकाळी विळा घेऊन जायची आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं यायची. जेवायची, बोलायची नाही. तळ्यावर काय करते म्हणून गवंडी लांबून बघून आला. "बसलीय," तो म्हणाला. "नुसती बसलीय."

लव्हाळा आता धाकटी कापून आणत होती. दोघींनी मान मोडेस्तोवर विणलं. मुलगी लांब कोपऱ्यात बसून सूत गुंडाळायची. तिनं वही काढणं बंद केलं होतं. कुणी तिला हाकलत नव्हतं, कुणी बोलावतही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं नव्या तुकड्यांचा गठ्ठा सोडला आणि ती तशीच उभी राहिली. आदल्या दिवशी चौकटीत चपखल बसलेले वीस तुकडे दोन-दोन बोटं आखडले होते. कडा कानासारख्या वर वळल्या होत्या.

"हे कसं झालं?" तिनं विचारलं.

थोरलीनं काडी मोडून पाहिली. "कोवळा आहे. वाळला की आखडतो." ती धाकटीकडं वळली. "कुठून कापलास?"

"पाण्याजवळून. हिरवागार होता म्हणून." धाकटी रडकुंडीला आली. "जाऊबाई, मला काय माहीत! कापायला कायम आईच जायच्या."

थोरलीला तरी कुठं माहीत होतं? सासूनं आणलेला भारा फक्त चिरायचा, एवढंच ती इतकी वर्षं करत आली होती. कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे कधी विचारावं लागलं नव्हतं. दुकानात माल द्यायला सहा दिवस उरले होते. आईकडं जावं तर कुठल्या तोंडानं?

ती विचार करत बसली, तोवर मुलगी निघालीसुद्धा. पायात शहरातले बूट, डोक्यावर ओढणी. थोरली तिच्या मागून गेली, पण बांधापाशी थांबली.

सासू तळ्याच्या काठावर दगडावर बसली होती. मुलगी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं आखडलेला तुकडा पुढं केला. सासूनं तो घेतला, पाहिला, टाकून दिला.

"कोवळा."

"कसा ओळखायचा, आजी?"

"तुझी चौकट सांगत नाही?"

"नाही. ओला असताना तो बरोबर बसला होता."

सासूनं पाण्याकडं पाहिलं. पाणी कसलं, मधोमध उरलेलं डबकंच ते. मग विळ्यानं तिनं पलीकडचा एक पट्टा दाखवला. "तिथला आण. बुडातून."

मुलगी बुटांसकट चिखलात उतरली. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतली, पाय उपटायला गेली तर बूट आतच राहिला, आणि ती तोंडावर पडली. सासू उठली. कासोटा खोचून ती सरळ चिखलात गेली, मुलीच्या दंडाला धरून तिनं ओढलं. बोटं मिटत नव्हती म्हणून मनगटाचा आकडा करून ओढलं. पोर निघाली, बूट राहिला.

"रुतायच्या आधी पाय आडवा टाकायचा," सासू म्हणाली. "चिखलात सरळ चालतं का कुणी?"

थोरली बांधावरून बघत होती. सासूनं एक काडी बुडाशी मोडली आणि मुलीला दाखवली. "आत पांढरा गाभा भरलेला दिसला की पिकला. हिरवा दिसला तर सोडायचा, कितीही देखणा असो." मग दुसरी काडी तिनं दातांत धरली. "वाजला पाहिजे. हं, तू चाव." मुलीनं चावली. "वाजला?" "नाही." "मग टाक." तिसरी. चौथी. दोघी चिखलात उभ्या राहून लव्हाळा चावत होत्या. थोरलीला हसू आलं.

दुपारी सासू पुढं आणि मागं भारा घेतलेली, एक पाय अनवाणी असलेली मुलगी, अशा दोघी घरी आल्या. सासूनं भारा थोरलीपुढं टाकायला सांगितला. "चीर," ती म्हणाली. तीन दिवसांनी घरात तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

"आई, तुमच्या खुंट्या मी काढून ठेवल्यात बाजूला. जाळल्या नाहीत," थोरली म्हणाली.

"जाळ."

"पण..."

"हात गेले माझे, थोरले. ते तू मला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. मी तेव्हाच तुला कापायचं शिकवलं असतं. ही वेळ आली नसती."

थोरलीला वाटलं होतं, आपण तिचा मान राखला. सासूच्या बोलण्यात मानाचा विषयच नव्हता. आपण काय राखलं मग? तिनं विळी जवळ ओढली आणि चिरायला सुरुवात केली. सासू पुन्हा मागावर बसली नाही, त्यानंतर कधीच नाही. रोज सकाळी ती मुलीला घेऊन तळ्यावर जायची. चार दिवसांनी तिनं थोरलीलाही सोबत घेतलं आणि धाकटीलाही. चौघी एका रांगेत काड्या चावत उभ्या राहिल्या की बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची.

ऐंशीपैकी अडुसष्ट तुकडे वेळेत झाले. दुकानदारानं ते घेतले, उरलेले बारा मागून चालतील म्हणाला, आणि पुढच्या खेपेला कड निळी करता येईल का असं विचारलं. लव्हाळा निळा कसा होतो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुलीलाही नाही.

सहा आठवडे संपले त्या दिवशी तिच्या कॉलेजच्या मॅडम गाडी घेऊन आल्या. उंच, घाईतल्या. अंगण, माग, भारे, सगळ्याचे त्यांनी फोटो काढले. मग एक छापील कागद थोरलीपुढं धरला.

"हिनं तुमच्याकडं काम केलं. आता तुम्ही हिला गुण द्यायचे. दहापैकी. खाली सही."

"मी?" थोरली गडबडली. "मी कशी देणार? शिकलेली ती."

"तुमच्या हाताखाली शिकली ना?"

थोरलीनं मुलीकडं पाहिलं. मुलगी पिशवीचा पट्टा ओढत उभी होती, तिच्या पायात धाकटीच्या चपला होत्या. दहा द्यावेत तर ते सतरा तुकडे आठवत होते. कमी द्यावेत तर ती चिखलातली पोर दिसत होती. तिनं सासूकडं पाहिलं.

"नापास कर," सासू म्हणाली.

मॅडमचा फोन हातातच राहिला. मुलीचं तोंड उतरलं. "आजी?"

"नापास झालेली पोर पुन्हा त्याच वर्गात येते. पास झालेली येत नाही," सासू म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

"अहो, असं नसतं आजी," मॅडम म्हणाल्या. "हिचं वर्ष जाईल."

"मग जाऊ दे की. इथं येईल ते वर्ष."

मुलीला हसावं की रडावं ते कळेना. थोरलीच्या हातात पेन होतं. आईच्या मनासारखं लिहिलं तर पोरीचं नुकसान. पोरीच्या भल्याचं लिहावं आणि आईला 'नापास केलं' म्हणून सांगावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. सवयच होती ती. पेन कागदावर टेकलं. तिनं आकडा लिहिला, सही केली, कागद घडी न घालता मॅडमच्या हातात दिला.

मुलीनं सासूच्या सुजलेल्या हातांना हात लावला, धाकटीच्या चपला काढायला लागली, तर धाकटी म्हणाली, "असू देत." गाडी वळली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

"किती दिलेस?" सासूनं विचारलं.

"आठ."

सासूनं विळा उचलला. थोरली तिच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली. आता शिव्या येतील की मौन, काही अंदाज येईना.

"दोन कशाचे कापलेस?"

"कडेचे, आई. काडी ओळखायला लागली ती. पण कड अजून कच्ची आहे तिची."

सासूनं थोडा विचार केला. "हां. कच्चीच आहे," ती म्हणाली. "मग यावं लागेल तिला."

येईल की नाही, थोरलीला काही सांगता येईना. सासू विळा घेऊन निघाली होती. थोरलीनं डोक्याला फडकं गुंडाळलं आणि तिच्या मागं तळ्याकडं चालायला लागली.